पाच रकान्यांतला प्राध्यापक

सत्र संपत आले की आपल्याकडच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या हाती एक कागद दिला जातो. अलीकडे तो मोबाईलवर येतो, एवढाच फरक. डावीकडे ‘विषयाचे ज्ञान’, ‘आवाजाची स्पष्टता’, ‘वक्तशीरपणा’ अशी कलमे आणि वर पाच रकाने : अत्युत्तम, उत्तम, चांगले, साधारण, असमाधानकारक. विद्यार्थी दोन मिनिटांत खुणा करून मोकळा होतो. त्या खुणांची सरासरी निघते, तिचा रंगीत आलेख होतो आणि तो नॅकच्या फायलीत विसावतो. या व्यवहाराला ‘विद्यार्थी प्रत्याभरण’ असे भारदस्त नाव आहे. ‘अभिप्राय’ हा आपला जुना शब्द वापरला नाही, हे एका परीने बरेच झाले. अभिप्राय म्हणजे मनातला आशय. या कागदावर आशय सोडून सर्व काही असते.

माझे म्हणणे असे की, हा कागद विद्यार्थ्यांचा अनुभव कळावा म्हणून भरून घेतला जात असला, तरी प्रत्यक्षात तो अनुभव झाकण्याचेच काम करतो. हे पटवण्यासाठी मी मुद्दाम मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचे उदाहरण घेतो. कारण या पाच रकान्यांचे माप त्याच शास्त्राने दिले आहे आणि त्याचे पितळही त्याच शास्त्राने उघडे पाडले आहे.

रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली माणसांच्या अभिवृत्ती मोजण्यासाठी ही पायऱ्यांची पद्धत मांडली. पुढे तिच्यावर विद्यापीठांचा जीव जडला. मात्र १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एक गमतीदार प्रयोग झाला. ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका नटाला उभे करून वैद्यकीय शिक्षण आणि गणिती खेळ-सिद्धांत या विषयावर त्याच्याकडून व्याख्यान देवविले गेले. नटाला विषयाचा गंध नव्हता. व्याख्यानात परस्परविसंगत विधाने, मनचे शब्द आणि विनोद यांची रेलचेल होती. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणक्षेत्रातले जाणकार अशा एकूण ५५ जणांनी ते प्रत्यक्ष किंवा ध्वनिचित्रफितीवर ऐकले आणि बहुसंख्यांनी त्याला चांगला शेरा दिला. हा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी शिक्षकांच्या तासाची अवघ्या तीस सेकंदांची मूक दृश्ये परक्या माणसांना दाखवली. त्यांनी केवळ हावभावांवरून केलेले अंदाज सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळले. २०१७ मध्ये बॉब अटल व सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले यांत अर्थपूर्ण संबंध आढळला नाही.

योगायोग असा की, त्याच २०१७ साली नॅकच्या सुधारित आराखड्यात ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ दाखल झाले. समाधान! साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबायला हवे. समाधान ग्राहकाचे होते. शिक्षण चांगले असेल तर ते पुष्कळदा असमाधान निर्माण करते.

इथवर वाचून आपले बरेच प्राध्यापकबंधू सुखावले असतील. ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो, पोरांना काय कळते?’ हा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. मोजपट्टी चुकीची ठरली, म्हणून कापडच नाही असे कोणी म्हणत नाही. विद्यार्थ्याला कळते, पण त्याला कळलेले सांगण्यासाठी जी भाषा लागते, तीच आपण त्याच्याकडून काढून घेतली आहे. ती भाषा त्याच्यापाशी असली म्हणजे काय होते, याचा एक दाखला आपल्या घरातलाच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे जॉन ड्यूई यांच्या वर्गात ते बसले. ड्यूई आपल्याला तत्त्वज्ञ म्हणून ठाऊक आहेत. पण १८८७ साली मानसशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिणारे आणि १८९९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषवणारे ड्यूईही तेच. आंबेडकरांनी त्यांच्यापाशी जे अभ्यासक्रम घेतले, त्यांत ‘मानसशास्त्रीय नीतिशास्त्र’ हाही एक होता. हे ड्यूई शिकवत कसे? त्यांचे एक विद्यार्थी आणि पुढे कोलंबियातच प्राध्यापक झालेले आयर्विन एडमन यांनी १९३८ साली लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा : ड्यूई टेबलाशी बसत, चुरगळलेले पिवळे कागद पुढे घेत, खिडकीबाहेर पाहत आणि थांबत-थांबत, मनात येईल ते बोलल्यासारखे बोलत. प्रथमदर्शनी तास कंटाळवाणा वाटला. पण टिपणे घरी नेऊन वाचल्यावर एडमन यांना त्या विस्कळीत बोलण्यात विलक्षण सुसंगती दिसली. हा माणूस आपल्यासमोर प्रत्यक्ष विचार करतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

आता आपला अर्ज त्या वर्गात वाटून पाहा. आवाजाची स्पष्टता : साधारण. वर्गाकडे लक्ष : असमाधानकारक. सादरीकरण : त्याबद्दल न बोललेले बरे. डॉ. फॉक्स मात्र प्रत्येक रकान्यात अत्युत्तम ठरला असता.

आंबेडकरांचा अभिप्राय यायला वेळ लागला. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात त्यांनी ड्यूईंचे ऋण आपला शिक्षक म्हणून नोंदवले. १९५२ च्या जूनमध्ये मानद पदवीसाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ड्यूई नुकतेच, १ जूनला, वारले होते. आपले सारे बौद्धिक आयुष्य या शिक्षकाचे देणे आहे, अशा अर्थाचे त्यांनी सविताबाईंना पत्रातून कळवले. ड्यूईंच्या वर्गातल्या लकबींची ते तीस वर्षांनंतरही हौसेने नक्कल करीत, ही सविताबाईंचीच आठवण. सांगायचे ते हे की, वर्गातल्या अनुभवाला पिकायला अवधी लागतो आणि तो सांगायला वाक्ये लागतात. सत्राअखेरची खूण या दोहोंनाही मुकते.

‘ड्यूई कुठे, आंबेडकर कुठे आणि मूर्तिजापूर कुठे?’ असे कोणी म्हणेल. म्हणून मूर्तिजापूरचेच सांगतो. आमच्याकडे बी.ए.ला मराठी वाङ्मयासोबत मानसशास्त्र घेणारी मुले-मुली असतात. मानसशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारून मी या मुलांना निबंधलेखनासाठी ‘मानसशास्त्राचा एक तास’ हा विषय दिला. नाव लिहायचे नाही, पान एकच, भाषा कोणतीही चालेल, वऱ्हाडीसुद्धा.

एकीने लिहिले की ‘अभिसंधान’ हा शब्द तिने तीन आठवडे नुसता उतरवून घेतला. पावलोवचा कुत्रा परीक्षेपुरता पाठ झाला. मग एके संध्याकाळी बादलीचा आवाज ऐकूनच म्हशीने पान्हा सोडलेला तिने पाहिला आणि अभिसंधान म्हणजे काय ते तिला गोठ्यात कळले. सरांना हे सांगावे असे वाटले. पण तास सुरू होता तो पुढच्या प्रकरणाचा. दुसऱ्या एकाने प्रात्यक्षिकाच्या वहीबद्दल लिहिले. सगळ्या वर्गाच्या वह्यांत प्रयोगाचे निष्कर्ष दशांश चिन्हापर्यंत सारखे होते, कारण सगळ्यांनी आदल्या वर्षीची एकच वही उतरवली होती. तिसरीने लिहिले की आजीच्या अंगात येते याची तिला लाज वाटे. या विषयामुळे प्रथमच आजीपाशी बसून तिला विचारावेसे वाटले.

आणि एक पान असे होते : त्या दिवशी सरांनी अवसादाची लक्षणे क्रमाने सांगितली. लिहून घेता घेता तो मुलगा मोजत होता, यातली आपल्या वडिलांत किती होती. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी शेतात औषध घेतले होते. आकडा वाढत गेला, पण लेखणी थांबवता आली नाही, कारण सांगणे थांबत नव्हते. त्याने सरांना दोष दिलेला नाही. सर क्षणभर थांबले असते तर बरे झाले असते, एवढेच लिहिले आहे.

२००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत अकोला होता, अमरावती होता. या मुलखात मानसशास्त्राचा तास ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या तासाला पाच रकान्यांत बसवून पाहा. मुद्दे क्रमवार, आवाज स्पष्ट, प्रकरण वेळेत पूर्ण. सरासरी उत्तम. आलेख हिरवा.

या मागणीवर आक्षेप येतील, आणि त्यांतला एक खरा आहे. अंतर्गत गुण प्राध्यापकाच्या हाती असताना विद्यार्थी खरे लिहील कसा? आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, दरवर्षी नव्याने नेमणुकीची वाट पाहणाऱ्या शिक्षकावर हेच पान उद्या शस्त्र म्हणून चालवले गेले तर? म्हणूनच हे लेखन निकालानंतर व्हावे, बिननावी असावे आणि नेमणूक, बढती वा पगार यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसावा. आकडा मात्र आजही या सगळ्यासाठी वापरता येतो आणि त्याला उलट विचारता येत नाही. वाक्याला विचारता येते.

दुसरा आक्षेप वेळेचा : एवढी पाने वाचणार कोण? हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाने विचारावा, हे मला समजत नाही. वाचणे हाच आपला व्यवसाय आहे. दलित आत्मकथनांवर, ग्रामीण साहित्यावर, अनुभवाच्या प्रामाणिकपणावर आपण चर्चासत्रे भरवतो. शोधनिबंधांची पुस्तके काढतो. आणि आपल्याच बाकांवरचा अनुभव शब्दांत येऊ पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे रकाने सरकवतो. ही विसंगती मानसशास्त्र विभागाची नाही, साहित्य विभागाची आहे.

नॅकला आकडे हवे असतील तर ते द्यावेत. त्यांना विद्यार्थ्यांचा अनुभव म्हणू नये. प्रत्येक विभागाने निकालानंतर विद्यार्थ्यांकडून एकेक पान मागावे. ती पाने विभागाच्या बैठकीत मोठ्याने वाचली जावीत. प्राध्यापकानेही एक पानाचे उत्तर लिहावे आणि ते विद्यार्थ्यांना वाचायला मिळावे. पाच वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारावे. यासाठी ना अनुदान लागते, ना परिपत्रक. लागते ती शिक्षकाची ऐकून घेण्याची तयारी. आणि ती त्याच्यापाशी आहे की नाही, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नसते.