चौथा हिस्सा किंमत, तरीही डोसला तीस क्विंटल धान

निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनची झायडस कंपनीने केलेली देशी आवृत्ती 'तिष्ठा' मूळ औषधाच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या किमतीत बाजारात आली. पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ जानेवारी २०२६ रोजी वाट मोकळी करून दिल्यापासून बातम्यांत तिचे कौतुक सुरू आहे. अन्ननलिका आणि जठराच्या कर्करोगाचे महागडे औषध आता गरिबाच्या आवाक्यात आले, असा एकूण सूर आहे. तो वाचून राहवले नाही म्हणून हा हिशेब मांडतो. बाजारात येताना १०० मिलिग्रॅमच्या कुपीची छापील किंमत २८,९५० रुपये, ४० मिलिग्रॅमच्या कुपीची १३,९५०. अन्ननलिकेच्या कर्करोगात नेहमीची मात्रा दर पंधरा दिवसांनी २४० मिलिग्रॅम. म्हणजे दोन मोठ्या कुप्या आणि एक लहान, एकूण ७१,८५० रुपये. चंद्रपूर जिल्ह्यातला आमचा सावली तालुका धानाचा आहे, म्हणून धानातच सांगतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. एका डोसला तीस क्विंटल धान विकावे लागेल आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीस क्विंटल. वैनगंगेच्या या किंवा त्या काठावर असे किती शेतकरी आहेत, हे बातमी लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. छापील किमतीने सहा डोसांचे ४,३१,१०० रुपये होतात आणि सातवा डोस पाच लाखांत बसत नाही. तीन महिन्यांत वर्षभराची मर्यादा संपते आणि त्यात केमोथेरपी, सीटी स्कॅन, शस्त्रक्रिया काहीच धरलेले नाही. घरात दुसरे कोणी आजारी पडले तर त्याच्यासाठी रुपया उरत नाही. सरकारी खरेदीत भाव खाली येतो, हे मान्य. अगदी निम्म्यावर आला तरी सहा महिने निघतील. प्रगत अन्ननलिका कर्करोगाच्या ज्या मोठ्या चाचणीवर या उपचाराची भिस्त आहे, त्यात औषध दोन वर्षांपर्यंत दिले गेले होते.

माझा मुद्दा असा की कुपीच्या किमतीबरोबर मात्रेचाही विचार झाला पाहिजे, आणि तो आपल्याच राज्यात सुरू झालेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त प्रसिद्ध झाला आहे. त्यात स्वस्त तोंडी औषधांच्या जोडीला निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिले गेले. वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या तोंडी औषधांवर १६.३ टक्के होते, हे इंजेक्शन मिळालेल्यांत ४३.४ टक्के. तीन आठवड्यांच्या हिशेबाने पाहिले तर नेहमीच्या मात्रेच्या सतराव्या-अठराव्या हिश्शात हा फरक पडला. त्याला शास्त्रीय आधारही आहे. हे औषध गाठीवर थेट मारा करत नाही. आपल्या रोगप्रतिकारक टी-पेशींवर पीडी-१ नावाचा जो ब्रेक असतो, त्यावर ते जाऊन बसते आणि पेशी गाठीशी लढायला मोकळ्या होतात. ब्रेक एकदा झाकला गेला की वरून ओतलेल्या औषधाला करण्यासारखे फारसे उरत नाही, आणि किलोमागे ०.३ मिलिग्रॅम इतक्या मात्रेतही तो बऱ्याच अंशी झाकला जातो, हे अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते. आता पुन्हा हिशेब करा. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोन रुग्णांचा डोस होतो. एकाला सात हजारांच्या आत, वर्षाला सतरा-अठरा डोस धरले तरी सव्वा लाखाच्या आसपास. पाच लाखांच्या योजनेत हे सहज बसते.

यावर तज्ज्ञ लगेच म्हणतील की तोंड-घशाचा पुरावा अन्ननलिकेला आणि जठराला कसा लावता? आक्षेप रास्त आहे आणि तसा तो लावू नये, असेच माझेही म्हणणे आहे. ज्याला पूर्ण मात्रा परवडते किंवा मिळू शकते, त्याला तीच मिळाली पाहिजे. पण ज्याच्यासमोर पूर्ण मात्रा आणि काहीच नाही असे दोनच पर्याय आहेत, त्याच्यासाठी ही चाचणी कोणी करायची? कमी औषध विकले जावे म्हणून कोणतीही कंपनी पैसे खर्च करणार नाही. हे काम सरकारी पैशातूनच व्हायला हवे, आणि त्यासाठी चंद्रपूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून १४० खाटांचे कर्करोग रुग्णालय तेथे उभे आहे. कोळशाच्या खाणी चंद्रपुरात, लोहखनिज गडचिरोलीच्या सुरजागडला. या खाणींतून जमणाऱ्या खनिज निधीत आरोग्य हे अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. ज्या जमिनीतून हा पैसा निघतो, तेथल्या माणसांच्या औषधावर तो खर्च व्हावा, यात कोणावर उपकार नाहीत. कुपी उघडली की ती काही तासांतच वापरावी लागते. म्हणून आठवड्यातला एक ठरलेला दिवस या इंजेक्शनसाठी ठेवावा लागेल, म्हणजे दोन रुग्णांत एक कुपी वाया न जाता वापरता येईल. गडचिरोलीतील सिरोंचा, भामरागडच्या रुग्णाला तीन आठवड्यांतून एकदा यायचे असेल तर बसभाडे आणि मुक्कामाची सोयही त्याच तरतुदीत धरावी लागेल.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो. दोन-अडीच महिन्यांच्या आयुष्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. सगळ्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक पाहिला तर अन्ननलिकेच्या त्या मोठ्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर १०.७ महिने आणि निवोलुमॅब जोडल्यावर १३.२ महिने हेच आकडे आहेत. पण ज्यांच्या गाठीत पीडी-१ चा ब्रेक दाबणारे पीडी-एल१ हे प्रथिन आढळले त्यांच्यात ९.१ चे १५.४ झाले. दुसऱ्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर शिल्लक आजार सापडलेल्यांना हे औषध दिले तेव्हा आजार परत येण्याआधीचा काळ ११ महिन्यांवरून २२.४ वर गेला. म्हणून पीडी-एल१ ची तपासणी चंद्रपुरातच आणि मोफत व्हायला हवी. फायदा कोणाला होईल हे आधी कळले तर पैसाही वाचतो. फुप्फुस, आतडे, थायरॉइड, यकृत यांवर या औषधाचे दुष्परिणाम होऊ शकतात. ते उशिरा लक्षात आले तर जिवावर बेतते. तालुक्याच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना ते ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावेच लागेल. पण प्रशिक्षण झालेले नाही म्हणून औषधच नको, हा युक्तिवाद दुर्गम भागाच्या प्रत्येक मागणीवर वापरला गेला आहे आणि तो आता बंद व्हावा.

तिसरा आक्षेप प्रतिबंधाचा, म्हणून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल. धूरविरहित तंबाखूने अन्ननलिकेचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच सांगितले आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ असा तंबाखू खाणारे निघाले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून आणि सुगंधित तंबाखू-सुपारीवर २०१३ पासून बंदी आहे. तरी सावली ते मूल या रस्त्यावर पानठेल्यांवर खर्रा उघड घोटला जातो. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्ती अभियान गावोगावी झगडते आहे, आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणा मात्र ठेल्यासमोरून निघून जाते. प्रतिबंधावर पैसा खर्च करा, औषधावर नको, असे सांगणाऱ्यांनी आधी हा प्रतिबंध करून दाखवावा. ज्यांनी वीस वर्षे खर्रा खाल्ला त्यांची गाठ बंदीने विरघळणार नाही, त्यांना औषधच लागेल.

निवोलुमॅबच्या भारतातील पेटंटची मुदत २ मे २०२६ पर्यंतची. त्यानंतर आणखी कंपन्या उतरतील, भाव आणखी पडेल, पुन्हा बातम्या येतील. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पालकमंत्र्यांनी खनिज निधीतून कमी मात्रेच्या चाचणीची, मोफत पीडी-एल१ तपासणीची आणि सरकारी खरेदीची तरतूद जाहीर करावी. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांना विनंती की येत्या अधिवेशनात हा एकच प्रश्न विचारा: आमच्या रुग्णाला सातवा डोस कोण देणार?

– एक वाचक, सावली, जि. चंद्रपूर