चिलखताचे पैसे वेगळे!

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल घ्यायला आलेला शेतकरी तेथे घाई करत नाही. तो दात पाहतो, खांदा पाहतो, बैल चालवून पाहतो आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात. सौदा ठरला की त्या किमतीत अख्खा बैल येतो. गोंडे, घुंगुरमाळ, झूल यांचे पैसे वेगळे पडतात हे खरे. पण एकदा घेतलेली झूल पुढच्या बैलालाही चालते. शिंगांचे पैसे वेगळे मागणारा व्यापारी मात्र म्हशाच्या बाजारात अजून आलेला नाही.

व्हिडिओ गेमच्या बाजारात तो २००६ सालीच आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने ‘ओब्लिव्हियन’ या आपल्या गाजलेल्या खेळातील घोड्यासाठी चिलखत विक्रीस काढले. किंमत अडीच डॉलर. ज्याने पूर्ण किंमत मोजून खेळ घेतला होता, त्यालाच हे चिलखत पुन्हा विकत घ्यायचे होते, आणि त्याने खेळात फारसा फरकही पडत नव्हता. तेव्हा जगभरातील खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते घेतलेही! कंपन्यांनी बोध घेतला तो या दुसऱ्या गोष्टीचा.

या लांबच्या घोड्याचा शहापूर-मुरबाडशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. आसनगावच्या नव्या वसाहतींत कल्याण-ठाण्याच्या नोकरदारांची कुटुंबे राहू लागली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या भूसंपादनात शहापूर तालुक्यातील कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याची रक्कम हाती आली. ही रक्कम पिढ्यान्पिढ्यांच्या मातीची किंमत आहे. अशा घरातील मुलगा शहरातील मावसभावाकडे पाहिलेले यंत्र मागतो, तेव्हा ‘ते आपल्यासाठी नाही’ हे जुने उत्तर बापाला देता येत नाही. कारण आता ते परवडते. परवडणाऱ्या वस्तूला नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागते, आणि हो म्हणायचे तर हिशेब.

तर आधी हिशेब. सोनीचे प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढच्याच वर्षी ती पाच हजारांनी वाढली. सुरुवातीचाच भाव धरला, तरी दोन भावंडांसाठी दुसरा कंट्रोलर घेतला की ५,९९० रुपये वाढतात आणि ४,९९९ रुपयांचा एक याप्रमाणे तीन मोठे नवे खेळ घेतले की बेरीज सुमारे ७१ हजारांवर जाते. आकडा ऐकून घरातील आजोबांना घाम फुटेल. पण हेच यंत्र पाच वर्षे चालले आणि आठवड्यातून चार तास वापरले, तर तासाला अडुसष्ट रुपये पडतात. चौघांच्या कुटुंबाने कल्याणला जाऊन एक चित्रपट पाहणे याहून स्वस्त नाही. उधळपट्टी म्हणून यंत्राला धोपटणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. यंत्र महाग आहे, पण अवाजवी नाही.

अवाजवी आहे ते यंत्र घरात आल्यानंतर सुरू होणारे. ऑनलाइन खेळायचे तर बहुतेक खेळांना वार्षिक वर्गणी लागते. डिस्क नसलेले यंत्र सोनीने दहा हजारांनी स्वस्त ठेवले. पण खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राला देता येते, धाकट्या चुलतभावाकडे जाते. उतरवून घेतलेला खेळ यांतले काहीच करू देत नाही. शिवाय असे मोठे खेळ कित्येकदा शंभर जीबीपर्यंत जातात. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा लपंडाव सोसणाऱ्या गावात ते उतरवणे हाच एक स्वतंत्र पुरुषार्थ आहे. मुंबईकराची ‘स्वस्त’ निवड शहापूरकराला महाग पडते ती अशी.

पुरवण्यांना मात्र सरसकट एकच माप लावणे अन्यायाचे होईल. पोलंडमधील एका कंपनीने आपल्याच लेखकाच्या कथांवरून ‘द विचर ३’ हा खेळ २०१५ साली काढला. पुढच्या वर्षी त्याला जोडलेली ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी म्हणजे नवा प्रदेश, नवी कथा आणि कित्येक तासांचा खेळ होता. ती नव्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडासारखी. किंमत द्यावी अशी. घोड्याचे चिलखत हा दुसरा प्रकार, नुसत्या मिरवण्याचा. तिसरा प्रकार सर्वांत घातक: पैसे आधी भरायचे आणि पेटीत काय निघेल ते नशिबावर. म्हशाच्या बाजारात कोणी बंद गोणी दाखवून ‘आत बैल आहे की बोकड, ते पैसे दिल्यावर कळेल’ म्हणाला, तर लोक त्याला वेशीबाहेर पोहोचवून येतील. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातील अशा पेट्यांवरून जगभर काहूर उठले. २०१८ साली बेल्जियमने अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले आणि पुढच्या वर्षी ‘फिफा’ या फुटबॉलच्या खेळात पेट्यांसाठी लागणाऱ्या नाण्यांची त्या देशातील विक्री बंद झाली.

भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. खेळातल्या खेळात टोप्या, अंगरखे आणि रंगीत बंदुका विकणारे दुकान तो बंद करत नाही. त्या दुकानाच्या दारावर पालकांनाच बसावे लागणार.

येथे काही जण स्वदेशीचा उपाय सुचवतील. त्याचा अनुभवही तपासलेला बरा. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ २००९ साली प्लेस्टेशन २ साठी आला. देवतेला बटणांनी नाचवू नये, असा आक्षेप परदेशस्थ हिंदूंनी तेव्हा घेतला. आक्षेपामागची भावना समजण्यासारखी होती; पण हनुमंताचे नाव लावून खेळ सामान्य दर्जाचा काढणे, हाही त्या नावाचा अवमानच नव्हे काय? त्याच वर्षीच्या ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी आणि विटीदांडू होते. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या भातखाचरात विटी फुकट उडते, त्या मुरबाडमध्ये ती डिस्कवर विकत घेणाऱ्याला काय म्हणावे! याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ पाहावा. दुर्गेच्या वरदानाने लढणारी साधी मुलगी, राजस्थानी वास्तुशिल्प, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. देवतेचा मान राखून खेळ कसा रचावा, ते यात दिसते. स्वदेशी म्हणून त्याला गुण वाढवून देण्याची गरज पडत नाही.

मैदानाचा मुद्दा राहिला. ‘या यंत्रांमुळे शाखेवर मुले येईनाशी झाली’ असे वाक्य बैठकांतून वरचेवर ऐकू येते. बालशाखेतील खेळाला मोकळी जागा आणि शिट्टी यांपलीकडे काही लागत नाही, हे खरेच. पण त्यांतली जागा कोठे गेली? आसनगाव-शहापूर पट्ट्यात मोकळ्या जमिनींचे भूखंड पडले, तेव्हा खेळाची जागा राखून ठेवा म्हणून आग्रह धरणारे किती निघाले? मैदान आधी गेले, पडदा नंतर आला. ज्या मुलाला संध्याकाळी खेळायला जागा नाही, त्याच्याकडून कन्सोल काढून घेऊन त्याच्या हाती काय देणार, याचे उत्तर कार्यकर्त्यांजवळ असले पाहिजे.

तोवर घरापुरता व्यवहार असा करता येईल. यंत्र घ्यायचेच तर डिस्कचे घ्यावे आणि ते मुलाच्या खोलीत नव्हे, बैठकीत ठेवावे. ओळखीतल्या तीन-चार घरांनी वेगवेगळे खेळ घेऊन ते आपसांत फिरवावेत. यंत्राला वडिलांचे बँकेचे कार्ड कदापि जोडू नये. जोडलेच तर परवलीचा शब्द आईजवळ असावा, कारण वडील विरघळतात. मागणी बहुधा दिवाळीत येते. तेव्हा लगेच हो-नाही न करता मुलाच्या हाती एक वही द्यावी. कोणते तीन खेळ हवेत, प्रत्येकाची किंमत काय, त्यात कोणती पुरवणी वेगळी विकतात आणि ती न घेता खेळ पुरा होतो की नाही, हे त्याने शोधून त्यात लिहावे. म्हशाच्या यात्रेला अजून दोन महिने असतात. त्याला एकदा तेथे नेऊन बैल कसा घेतात ते दाखवावे आणि परत आल्यावर ती वही उघडायला सांगावी.