जीभ ही पाण्याची प्रयोगशाळा नव्हे

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग ओळखायला नकाशा लागत नाही, पाण्याचा एक घोट पुरतो. घाटावर, म्हणजे बुलडाणा, चिखली, मेहकरकडे, विहिरीचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येते. येताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणते, म्हणून ते जड लागते. घाट उतरून शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे गेले की पूर्णा नदीच्या गाळाचा प्रदेश लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. तेथील बोअरचे पाणी नुसते जड नसते, तर खारट असते, कारण त्यात सोडियमचे क्षार असतात.

इतके जिभेला कळते. मात्र पाण्यातील ज्या गोष्टींनी माणूस खरोखर आजारी पडतो, त्या जिभेला कळत नाहीत. आणि आपण मात्र सारा न्यायनिवाडा जिभेवर सोपवून मोकळे होतो. खारे ते वाईट, गोड आणि थंड ते चांगले! हा समज आपल्याला महागात पडतो आहे, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम जडपणाचा विचार करू. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, ही सारी जड पाण्याची लक्षणे. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. पण जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणास्तव कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. जड पाण्याचा त्रास अंगापेक्षा भांड्यांना अधिक!

“मग डॉक्टरसाहेब, मुतखडा कशाने होतो?” हा प्रश्न हमखास येतो. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारात कॅल्शियम अधिक होते, त्यांना मुतखडा कमी झाला होता. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते लघवीत कमी उतरते. आपल्याकडे मुतखड्याचे मोठे कारण म्हणजे रणरणत्या उन्हात राबणे आणि पाणी कमी पिणे. येथे खारे पाणी वेगळ्या वाटेने घात करते. चव नाही म्हणून माणूस पाणी पीतच नाही, लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे आणि तिचा रंग फिका असला पाहिजे. हे एवढे सांभाळले तरी मुतखड्याचा धोका बराच कमी होतो. (ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी मात्र किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

खारटपणाचा हिशेब निराळा आहे. समजा, पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. तीन लिटर पाणी प्यायले की दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ पावणेचार ग्रॅम मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. भाकरी, भाजी, लोणचे, ठेचा अजून व्हायचेच आहेत! रक्तदाबाच्या रुग्णाला गोळ्या देऊनही दाब उतरत नसेल, तर घरच्या पाण्याची चौकशी केलीच पाहिजे. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची मोठी धास्ती आहे आणि ती अनाठायी नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातही १९९० च्या दशकापासून असाच आजार शेतकऱ्यांत दिसतो आहे. तेथे जड पाणी, फ्लोराइड, कीटकनाशके, ऊन अशा अनेक कारणांचा शोध घेतला गेला, पण एकावर बोट ठेवता आलेले नाही. तेव्हा पाण्याला दोष देताना अनियंत्रित मधुमेह, रक्तदाब आणि दुकानातून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या यांनाही विसरू नये.

आता जिभेला न कळणाऱ्या दोन गोष्टी. पहिली नायट्रेट. शोषखड्डे, उकिरडे आणि युरिया यांतून ते जमिनीत मुरते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि या मर्यादेत कोणतीही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला असल्या पाण्यात वरचे दूध कालवून दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. दुसरी गोष्ट जंतू. कावीळ, हगवण, विषमज्वर हे गोड पाण्यातूनही येतात. वान धरणाचे पाणी नळाने गावात येते तेव्हा खाऱ्या बोअरपुढे ते अमृतच वाटते. पण कोणत्याही योजनेचा नळ चार-आठ दिवसांनी येत असेल, तर मधल्या काळात रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी ओढले जाते. चव तीच राहते आणि महिन्याभराने घरोघर कावीळ!

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केस गळू लागले, ते सर्वांच्या स्मरणात असेल. पहिला संशय पाण्यावर गेला. लोक अंघोळीलाही घाबरू लागले. पुढे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तपासण्या करून सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. पण त्या धावपळीत पाणीही तपासले गेले आणि काही ठिकाणी नायट्रेट व क्षार मर्यादेबाहेर आढळले. केसांची चर्चा देशभर झाली. ज्या नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या जिवाला धोका, त्याची चर्चा चावडीवरही फारशी झाली नाही.

घरगुती उपायांचीही गल्लत होते. उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि नायट्रेट मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे दाटच होतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. टीसीएल पावडर किंवा मेडीक्लोर जंतूंवर चालते, खारटपणावर नाही. आरओ यंत्र क्षार आणि बरेचसे नायट्रेट काढते, पण घरच्या यंत्रातून निम्म्याहून अधिक पाणी मोरीत जाते आणि पडदा वेळेवर बदलला नाही तर ते शोभेचेच उरते. राहिला थंड जार. तो कोणत्या बोअरचा, यंत्र कधी साफ केले, जार कधी धुतला, हे आपण विचारतो का? गारव्याने चव झाकली जाते, जंतू मरत नाहीत.

मग करायचे काय? तपासणीची व्यवस्था कागदावर तरी आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, गावोगाव जलसुरक्षक आहेत. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवायचे ठरले आहे. नमुने जातात, अहवाल येतात आणि फाइलीत बसतात. पाणी पिणाऱ्याला मात्र त्यातले काही कळत नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने दर्शनी भिंतीवर फलक रंगवावा. त्यावर प्रत्येक बोअर, विहीर व टाकीपुढे तपासणीची तारीख, क्षार, जडपणा, नायट्रेट, क्लोरीन आणि जंतू हे सहा रकाने असावेत. ग्रामसभेत इतर विषयांआधी तो वाचून दाखवावा. जारवाल्यांनाही हाच नियम लावावा.

आणि वाचकहो, घरात तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर फलकाची वाट पाहू नका. आपल्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या (जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तेथेच मिळते) आणि अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. आपण रक्त-लघवी वारंवार तपासतो. ज्या पाण्यावर हे शरीर चालते, ते वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यायला काय हरकत आहे?