आंतरग्रंथालयीन देवघेव आणि मराठी संशोधन : वाशीम जिल्ह्याच्या निमित्ताने

विद्यापीठीय मराठी संशोधनाची चर्चा निघाली की विषयांची पुनरावृत्ती आणि संदर्भसूचींतील तोचतोपणा यांविषयी खंत व्यक्त होते. या दोषांचे खापर बहुधा संशोधकाच्या आळसावर अथवा मार्गदर्शकाच्या औदासीन्यावर फोडले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु संशोधकाच्या हाती साधने कोणत्या वाटेने येतात, हा त्याआधीचा प्रश्न आहे. रिसोड किंवा मानोरा येथे अध्यापन करीत पीएच.डी.चे काम करू पाहणारा प्राध्यापक विषय निवडतो, तेव्हा त्या विषयात कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आहे याआधी त्यावरील पुस्तके कोठे मिळतील याचा विचार त्याला करावा लागतो. मग विषय कपाटाच्या मापाने बेतला जातो. नियतकालिकांचे जुने अंक मिळत नाहीत म्हणून वाङ्मयेतिहासाचा विषय मागे पडतो आणि हाताशी असलेल्या चार कादंबऱ्यांवरील 'एक अभ्यास' पुढे येतो.

ज्या परिसरात आज ही अडचण भासते, त्याच परिसराने एके काळी विद्येच्या क्षेत्रात उदार हस्ते दिलेले आहे. कारंजा येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारे शतकानुशतके जपली गेली. रायबहादुर हीरालाल यांनी सिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाली आणि या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढील काही वर्षांतच डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' (१९३१), तसेच अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्रा. हीरालाल जैन यांनी संपादिलेली 'णायकुमारचरिउ' (१९३३) व 'करकंडचरिउ' (१९३४) ही काव्ये कारंजाच्या ग्रंथमालांतून प्रकाशात आली. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करणाऱ्या भाषाभ्यासकाला अपभ्रंशाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सूची झाली नसती तर पोथ्या असूनही नसल्यासारख्या राहिल्या असत्या. दुसरी अशी की, पाठचिकित्सा एका पोथीवर होत नाही. निरनिराळ्या भांडारांतील प्रतींचे पाठ एका अभ्यासकाच्या मेजावर एकत्र यावे लागतात. त्यासाठी प्रत्यक्ष पोथी जावी, तिची नक्कल जावी किंवा अभ्यासकाला तिच्यापर्यंत येऊ द्यावे. कोणत्या तरी रूपाने देवघेव घडावीच लागते. म्हणून ग्रंथालयांतील देवघेव ही संशोधनाची पूर्वअट ठरते. तिला केवळ प्रशासकीय सोय म्हणणे अपुरे आहे.

आज या देवघेवीची स्थिती काय आहे? व्यवहारात ती चालते, पण ओळखीवर. कोणी प्राध्यापक दुसऱ्या गावच्या मित्राला शब्द टाकतो, मित्र स्वतःच्या नावावर पुस्तक काढून पाठवितो आणि ते परत येईपर्यंत दोघांच्याही जिवाला घोर लागतो. ज्याचा परिचय मोठा, त्याची संदर्भसूची मोठी. खेड्यातून आलेल्या, प्रथमच संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याची किंवा विद्यार्थिनीची कोंडी येथेच होते. आंतरग्रंथालयीन देवघेव हा जोवर उपकार राहील, तोवर संशोधनातील समान संधीची भाषा पोकळच राहणार.

ग्रंथपालाला यात दोष देऊन भागणार नाही. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई आपल्या माथी येईल, ही भीती त्याचा हात आखडते. या संदर्भात केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१५ लक्षात घेण्याजोगा आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसल्यास, वाजवी मानावी, असे तो सांगतो. मात्र एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मिळ ग्रंथ गहाळ झाल्यास चौकशी आवश्यक ठरविली आहे. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी असला तरी त्यामागील विवेक सर्वत्र स्वीकारण्यासारखा आहे. ग्रंथ वापरला गेला की थोडी झीज व्हायचीच. एकही पुस्तक न हरवलेले ग्रंथालय कदाचित एकही वाचक न लाभलेले ग्रंथालय असेल.

यंत्रणेचा अभाव आहे, असेही म्हणता येत नाही. डेलनेट १९८८ पासून आणि इन्फ्लिबनेट १९९१ पासून ग्रंथालयांना जोडण्याचे कार्य करीत आहेत. विद्यापीठीय ग्रंथालयांची संयुक्त तालिकाही उपलब्ध आहे. परंतु मराठी ग्रंथांची नोंद जेथे रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या वर्णलेखनाने झाली आहे, तेथे ग्रंथ असूनही शोधणाऱ्याला सापडत नाही. शिवाय तालुक्याच्या महाविद्यालयातील आणि गावोगावच्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांतील जुने मराठी धन या तालिकांच्या बाहेरच आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार चालणारी वाचनालये आणि महाविद्यालयीन ग्रंथालये ही दोन्ही शेवटी उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्याच कक्षेत येतात. एकाच छताखालच्या या दोन घरांत पुस्तकांची ये-जा सुरू करण्यास तत्त्वतः कोणती हरकत असावी?

सर्व काही संगणकावर मिळत असताना ही उठाठेव कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. 'शोधगंगा'मुळे प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले, हे मोठेच काम झाले आहे. परंतु भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याचा फार मोठा भाग त्यामुळे मुक्तपणे संगणकावर आणता येत नाही. बाजारात न मिळणाऱ्या ग्रंथाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी करण्याची मुभा १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक, अव्यापारी ग्रंथालयांना आहे. ती वापरावी, पण जेथे ती अपुरी पडेल तेथे पुस्तकालाच प्रवास करावा लागेल. हा प्रवास आता परवडणाराही आहे. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेल्या 'ज्ञान पोस्ट' सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचे टपाल १०० रुपयांत (कर वेगळा) जाते. नियतकालिके मात्र या सवलतीत येत नाहीत. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला सर्वाधिक गरज त्यांचीच असल्याने ही उणीव दूर करण्याची मागणी मराठी विभागांनी करावयास हवी.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. प्रयोगासाठी हा आकार सोयीचा आहे. पहिले काम म्हणजे सहाही तालुक्यांतील महाविद्यालये व वाचनालये यांच्याकडील १९६० पूर्वीचे मराठी ग्रंथ आणि नियतकालिकांचे अंक यांची देवनागरीतील संयुक्त यादी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती दोन वर्षांत उभी राहू शकेल. दुसरे म्हणजे संस्थांमधील लेखी करार. मागणी संस्थेने करावी, जबाबदारीही तिनेच घ्यावी, टपालखर्च तिने सोसावा, मुदत एक महिन्याची असावी आणि दुर्मिळ ग्रंथ मागणाऱ्या ग्रंथालयातच बसून वाचावा. तिसरी गोष्ट मार्गदर्शकांच्या हाती आहे. प्रबंधात संदर्भसूचीसोबत न मिळालेल्या साधनांची यादी आणि ती कोठे कोठे मागितली याची नोंद सक्तीची केल्यास संशोधनाच्या मर्यादा प्रामाणिकपणे नोंदल्या जातील. पुढील अभ्यासकाला शोधाची दिशा मिळेल आणि कोणते ग्रंथालय दार उघडते, हेही लेखी राहील.

मागणाऱ्याने देण्याचीही तयारी ठेवावी लागते. वाशीमच्या ग्रंथालयांनी आपल्या जुन्या कपाटांची यादी आधी जाहीर करावी आणि मग अमरावती, नागपूर, मुंबई येथील ग्रंथालयांकडे पत्र पाठवावे. कारंजाच्या पोथ्यांच्या बाबतीतही यादी आधी झाली होती. संपादने त्यानंतर आली.