रुळांवरची यात्रा आणि मोटारीचा मोह

धर्मगुरूच्या दारी लोक निरनिराळी कामे घेऊन येतात. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला लग्नाची नोंद, कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र. २०२५ च्या पवित्र वर्षापासून त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. लोक इटलीचा नकाशा टेबलावर पसरतात आणि विचारतात, "फादर, कसे जावे?"

प्रश्न विचारणाऱ्यांनी बहुधा उत्तर आधीच ठरवलेले असते. ते उत्तर असे: रोमच्या विमानतळावर उतरायचे, तेथेच मोटार भाड्याने घ्यायची, दहा-अकरा दिवस देशभर फिरायचे आणि रोमलाच मोटार परत करून विमानात बसायचे. रेल्वेचे नाव काढले की चेहरे उतरतात. "आता आपल्या घरी गाडी आली, फादर. परदेशात जाऊन पुन्हा बॅगा घेऊन फलाटावर का उभे राहायचे?"

या विचाराला आमचा विरोध आहे आणि तो आज आम्ही उघडपणे मांडणार आहोत. पहिल्या इटली-प्रवासात सबंध दिवसांसाठी मोटार भाड्याने घेणे ही चूक आहे. ती पैशाची चूक आहे, वेळेची आहे, आणि सर्वांत वाईट म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांवर होणारा तो अन्याय आहे.

इतक्या ठामपणे बोलण्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या ओळखीचे भोरच्या बाजूचे एक कुटुंब असेच गेले. आजी, मुलगा, सून आणि दोन तरुण नातवंडे. मुलाच्या निवृत्तीचे पैसे आले होते. आजींची मागणी एकच होती: पादुआला संत अंतोनीच्या कबरीवर हात ठेवायचा. नातवांनी मोटारीचा बेत आखला तेव्हा आम्हांला विचारले होते. आम्ही थोडे कुरकुरलो, मग तरुणांचे मन मोडू नये म्हणून गप्प बसलो. फ्लॉरेन्समध्ये त्यांची अर्धी दुपार मोटार उभी करण्यासाठी जागा शोधण्यात गेली. व्हेनिसला मोटार शहराबाहेर ठेवावी लागली. शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेत ती रोमला परत द्यायची होती, म्हणून पादुआला थांबता आले नाही. आजींनी पादुआ पाहिले ते महामार्गावरच्या पाटीवर, मोटारीच्या काचेतून. त्यांचे वय पाहता त्या पुन्हा जातील असे वाटत नाही. व्हेनिसहून पादुआ रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास आहे. आमच्या त्या गप्प बसण्याची टोचणी आम्हांला अजून आहे.

आता मोटारीच्या बाजूने जी कारणे दिली जातात ती एकेक करून पाहू.

पहिले कारण स्वातंत्र्याचे. मोटार असली की मनाला येईल तिकडे जाता येते, असे म्हणतात. पण पहिल्यांदा जाणारा माणूस कुठे जातो? रोम, असिसी, फ्लॉरेन्स, पादुआ, व्हेनिस. यांतल्या व्हेनिसमध्ये मोटार चालतच नाही. शहराच्या तोंडाशी ती ठेवावी लागते आणि उभ्या मोटारीचे पैसे रोज भरावे लागतात. रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या जुन्या भागांत मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. पाटीवर 'झोना आ त्राफिको लिमितातो' अशी अक्षरे असतात. परवानगी नसलेली मोटार आत शिरली की कॅमेरा तिचा क्रमांक टिपतो. जितक्या वेळा आत जाल तितके वेगळे दंड. मोटार देणारी कंपनी तुमचे नाव-पत्ता अधिकाऱ्यांना कळवते आणि त्या कळवण्याचेही शुल्क तुमच्या कार्डावरून कापून घेते. मूळ दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. त्या कुटुंबाला ती आली तेव्हा प्रवासाचे फोटोसुद्धा जुने झाले होते. ज्या शहरात आत शिरायची भीती वाटते तेथे मोटारीचे स्वातंत्र्य कसले?

दुसरे कारण पैशाचे. पाच माणसांना पाच तिकिटे, त्यापेक्षा एक मोटार स्वस्त, असा हिशेब मांडतात. हा हिशेब अर्धवट आहे. रोजच्या भाड्यात विम्याची वाढीव रक्कम, महामार्गाचा टोल, इंधन आणि पार्किंग मिळवा. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत दिली तर बहुधा त्याचेही वेगळे पैसे पडतात. शिवाय चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर अनामत रक्कम अडकून राहते. मोटार तीन दिवस रोममध्ये उभी, दोन दिवस फ्लॉरेन्समध्ये उभी आणि दोन दिवस व्हेनिसबाहेर उभी. न वापरलेल्या वस्तूचे भाडे भरण्याला आपल्याकडे काटकसर म्हणत नाहीत.

तिसरे कारण म्हाताऱ्या माणसांचे आणि सामानाचे. हे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. रेल्वेत बॅग स्वतः चढवावी लागते आणि लहान स्थानकांवर जिनेही असतात. पण त्यावर उपाय माणशी एकच बॅग हा आहे. मोठ्या शहरांमधील वेगवान गाड्यांत प्रत्येकाची जागा राखीव असते, शौचालय असते, पाय मोकळे करता येतात. रोमहून फ्लॉरेन्स दीड तासाच्या आसपास, फ्लॉरेन्सहून व्हेनिस दोन तासांच्या थोडे पुढेमागे. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना मागच्या सीटवर मधोमध बसवून, पुढच्या थांब्याची वाट पाहायला लावण्यापेक्षा हे बरे की वाईट?

चौथे कारण मात्र खास आमच्या मुलखाचे आहे. "आमची पोरे वरंधा घाट उतरतात, केळदला जातात. त्यांना इटलीचे रस्ते काय अवघड?" पोरे गाडी चांगली चालवतात, याबद्दल वाद नाही. परंतु तेथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो. हाताची वीस वर्षांची सवय विमानातून उतरताच बदलत नाही, आणि ती बदलायची पहिली शिकवणी रोमच्या वर्तुळाकार चौकात, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी द्यावी हे शहाणपणाचे नाही. पंपावर आणखी एक फसगत होते: 'गासोलिओ' म्हणजे डिझेल आणि 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल. इंग्रजी कानाला पहिला शब्द पेट्रोलचा वाटतो. आपला वाहन परवानाही एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. तो वर्षभर चालतो.

आमच्यावर उलट आरोप होईल की फादर रेल्वेचे भाट झाले. तसे नाही. रेल्वेची ठेच आम्हीही खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर आम्ही रोमहून असिसीला निघालो. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेतले, पण चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर छाप मारायचा असतो हे विसरलो. तपासनीस आला आणि खिशात तिकीट असूनही आम्ही सर्वांसमक्ष दंड भरला. चूक आमची होती. आता मोबाईलवरचे तिकीट असेल तर छापाऐवजी त्यावर 'चेक-इन' करावे लागते. संपही होतात; 'शोपेरो' हा शब्द स्थानकावर दिसला तर सावध व्हावे. संपाच्या दिवशीसुद्धा कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडल्या जातात. तेव्हा रेल्वे निर्दोष नाही. तिचे दोष मात्र एका संध्याकाळी शिकून घेता येतात.

मग मोटार कधीच घेऊ नये काय? येथे आम्ही वाचकांना आपल्याच मुलखाकडे पाहायला सांगतो. १८६३ साली ज्या बोरघाटातून रेल्वे वर चढली, त्याला इंग्रजांनी 'भोर घाट' लिहिले. पण भोरला काही गाडी आली नाही. रेल्वे आमच्या दोन्ही तालुक्यांना लांबून वळसा घालते: पुणे, जेजुरी, नीरा, लोणंद. मुंबईहून राजगड पाहायला येणारा शहाणा माणूस काय करतो? पुण्यापर्यंत रेल्वेने येतो आणि तेथून एस.टी. किंवा जीप करून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे वळतो. मुंबईतल्या पहिल्या दिवसापासून तो जीप दारात उभी करून ठेवत नाही. रूळ संपतात तेथे चाके भाड्याने घ्यावीत, हा नियम आम्हांला आमच्या डोंगरांनी शिकवला आहे. इटलीतही तोच लावावा.

तेथेही वेल्ह्यासारखी गावे आहेत. उंब्रिया प्रांतात पेरुजाच्या उत्तरेला मोंतोने नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. मराठी माणसाने ते नाव लक्षात ठेवावे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. बाकीचे पडले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ते त्यांनी घेतले आणि मग शत्रूच्या गोळीने तेथेच ठार झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातील पळसगावचे, म्हणजे आमच्या वरंधा घाटाखालच्या मुलखातले. मोंतोन्यात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारले गेले. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना माऱ्यातून बाहेर काढले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी; ते मात्र घरी परतले. आमच्या सह्याद्रीतली माणसे इटलीला प्रथम गेली ती अशी. त्यांचा मार्ग दुसऱ्यांनी आखला होता. आपला मार्ग आपण आखू शकतो, निदान त्यांच्या ठिकाणी दोन फुले ठेवण्याइतपत तरी.

मोंतोन्यासाठी पेरुजाहून एक-दोन दिवस मोटार जरूर घ्यावी. पेरुजाच्याही जुन्या भागात वाहतुकीवर निर्बंध आहेत, म्हणून ती स्थानकाजवळ घ्यावी आणि स्थानकाजवळच परत करावी. डोंगरातले रस्ते, थोडी रहदारी, आणि तोवर आठवडाभर त्या देशातली वाहतूक डोळ्यांखालून गेलेली. आमच्या पोरांनी आपले कसब तेथे दाखवावे. फोर्ली येथे भारतीय सैन्याचे युद्धस्मशान आहे. ज्यांचे दहन झाले त्यांचेही स्मारक तेथेच आहे. फोर्लीला मात्र मोटार नको. बोलोन्याला गाडी बदलली की स्थानकावरच उतरता येते.

तात्पर्य, पहिल्या प्रवासाचा आराखडा आम्ही असा सुचवतो. विमान रोमला उतरणारे आणि व्हेनिसहून परतणारे घ्यावे, म्हणजे उलटा फेरा पडत नाही. विमानतळावरून रोमच्या तेर्मिनी स्थानकात थेट गाडी सुमारे अर्ध्या तासात पोहोचते. रोममध्ये चार दिवस. मग प्रादेशिक गाडीने असिसी. स्थानक खाली सपाटीवर सांता मारिया देल्यी आंजेली येथे आहे. संत फ्रान्सिसची लहानशी पोर्सिउंकोला तेथल्याच बॅसिलिकेत आहे, आणि वरच्या गावात बस जाते. असिसीहून पेरुजा, तेथून फ्लॉरेन्स, मग पादुआ आणि शेवटी व्हेनिस. मुक्काम व्हेनिसऐवजी पादुआत केला तर तो सहसा स्वस्त पडतो आणि आजींना संतापाशी सकाळी मिस्सा मिळते. व्हेनिसचे तिकीट काढताना 'सांता लुचिया' हे स्थानक पाहून घ्यावे. 'मेस्त्रे' हे अलीकडचे, जमिनीवरचे. त्या सांता लुचिया स्थानकासाठी १८६१ साली संत लुसीचे मंदिर पाडले गेले आणि तिचे अवशेष जवळच्या सान जेरेमिया मंदिरात गेले. स्थानकातून बाहेर पडल्यावर तेथे दोन मिनिटे गुडघे टेकायला विसरू नये.

क्रमही सांभाळावा. आधी व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटे लवकर काढली तर मिळतात, परंतु ती सहसा परत होत नाहीत. म्हणून व्हिसा हाती आल्यावरच ती काढावीत. प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, त्यासाठी घाई नको. आणि विमान उतरते त्या दिवशी लांबच्या गाडीचे आरक्षण करू नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. नकाशा पसरल्यावर पहिला प्रश्न वाहनाचा विचारू नका. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, "तुम्हांला कुठे जायचे आहे?" ते एक ठिकाण आधी लिहा, त्याच्या अलीकडे-पलीकडे बाकीचे दिवस मांडा, आणि मग गाडी कोणती ते ठरवा. त्या कुटुंबाच्या नकाशावर पादुआ शेवटी लिहिले गेले होते, म्हणून तेच गळले. यापुढे जे कोणी आमच्याकडे नकाशा घेऊन येतील त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत, आणि या वेळी गप्प बसणार नाही.