शिवाजीनगर: आधी एसटी, मग टॉवर

पुण्यात शिवाजीनगर स्टेशनच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की दोन पक्ष लगेच बाह्या सरसावतात. पहिला म्हणतो, एवढी मोक्याची जागा आहे, भरपूर चटईक्षेत्र द्या, टॉवर उभे राहू द्या. त्या पैशातून बाकीचं आपोआप होईल. दुसरा म्हणतो, गावाच्या पोटात आता मुंगीला जागा नाही, एसटी-बिसटी वेशीबाहेर न्या. दोन्ही मतं ठामपणे मांडली जातात, आणि दोन्हींत स्टेशनात उतरलेला माणूस पुढे कसा जाणार, याचा पत्ता नसतो.

दुसऱ्या पक्षाचं आधी पाहू, कारण त्याच्या मनासारखा प्रयोग होऊनही गेला आहे. भुयारी मेट्रो स्थानकाच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस शिवाजीनगरचा एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवला. तात्पुरता. मेट्रोचं काम रेंगाळलं, पण झालं: 1 ऑगस्ट 2023 ला शिवाजीनगर आणि जिल्हा न्यायालय ही स्थानकं सुरू झाली, 29 सप्टेंबर 2024 ला गाडी स्वारगेटपर्यंत पोचली. स्टँडच्या पुनर्बांधणीचा खर्च कोणी उचलायचा, यावर मात्र महामेट्रो आणि एसटी महामंडळ यांच्यात वर्षानुवर्षं घासाघीस चालू राहिली. म्हणजे ज्या मेट्रोसाठी एसटी उठवली ती आली, आणि तिला प्रवासी आणून देणारी एसटीच दोन-तीन किलोमीटर लांब जाऊन बसली!

यातून गर्दी तरी हटली का? नाशिक, अहिल्यानगर, मराठवाडा इकडून येणाऱ्या गाड्या आजही शहरातच शिरतात; फक्त त्या जुन्या मुंबई रस्त्यावर थांबतात. न्यायालयाची तारीख असलेला शेतकरी पूर्वी स्टँडवरून चालत कोर्टात जाऊ शकत होता. आता त्याला रिक्षा करावी लागते, आणि ती रिक्षा जुन्या स्टँडजवळच्या त्याच संचेती चौकाकडे येते. एका बसमधली माणसं वीस रिक्षांत वाटून टाकण्याला कोंडी कमी करणं म्हणत असतील, तर प्रश्नच मिटला.

हे पुण्याचंच दुखणं नाही. चेन्नईत 30 डिसेंबर 2023 ला किलांबाक्कमचं भव्य बसस्थानक सुरू झालं. इमारत देखणी, फलाट प्रशस्त. पण शेजारून धावणाऱ्या लोकलचं स्टेशन त्या दिवशी तिथे नव्हतं. दक्षिणेकडच्या गावांहून आलेल्या प्रवाशांना तिथून पुन्हा सिटी बस शोधावी लागली. ‘बाहेर न्या’ म्हणणाऱ्यांनी हा दाखला जरूर तपासावा.

आता टॉवरवाले. त्यांचा युक्तिवाद अधिक चतुर आहे, कारण तो अर्धा खरा आहे. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या परिघात चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचं धोरण पुण्यात आहे, आणि स्टेशनजवळ दाट वस्ती असावी हे तत्त्व जगभर मान्य आहे. चूक पुढे होते. नकाशावरचा 500 मीटरचा परिघ हा कावळ्याचा रस्ता आहे. माणसाला मध्ये रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल आणि सिग्नल न जुमानणाऱ्या दुचाकी पार कराव्या लागतात. शिवाय प्रत्येक फ्लॅटखाली दोन मोटारींची जागा देऊन बांधलेला टॉवर मेट्रोला प्रवासी देत नाही, चौकाला मोटारी देतो.

स्टेशनवरच्या व्यापारी संकुलाचा आदर्श म्हणून जपानकडे बोट दाखवण्याची रीत आहे. जरूर दाखवावं. इचिझो कोबायाशी यांच्या हांक्यू रेल्वेची पहिली गाडी ओसाकाजवळ 1910 मध्ये धावली. उमेदा स्टेशनवरचं त्यांचं प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअर उघडलं 1929 मध्ये. एकोणीस वर्षं आधी माणसांची ये-जा उभी केली, मग दुकान. आपल्याकडे स्टँड उठवून त्याच्या जागी आधी दुकानांचे मजले मोजायला सुरुवात होते.

मग करायचं काय? शिवाजीनगरला केंद्र ‘निर्माण’ करायची गरजच नाही; ते आहे. 1854 चं अभियांत्रिकी महाविद्यालय, कृषी महाविद्यालय, जिल्हा न्यायालय, महापालिका भवन, सगळं हाकेच्या अंतरावर. 1978 पासून धावणारी लोणावळा लोकल दारात. हिंजवडीहून येणाऱ्या 23 स्थानकांच्या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचं टोकही न्यायालयापाशीच. इतकी साधनं एका जागी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडतील. कमी आहे ती त्यांना जोडणाऱ्या दोनशे पावलांची.

म्हणून एसटी मूळ जागी परत आणणं हे पुनर्विकासाचं पहिलं काम असायला हवं. एसटीतून उतरलेला माणूस, हातात पिशव्या आणि कडेवर मूल घेऊन, रस्ता न ओलांडता लोकलच्या फलाटावर आणि मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पोचला पाहिजे; ही अट निविदेतच लिहावी. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला ‘सॅटिस’ या स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा योजनेने हे बऱ्याच अंशी साधलं: बस वरच्या डेकवर, रिक्षा खाली, आणि बसमधून उतरलेला प्रवासी थेट पादचारी पुलाकडे. त्यात उणिवा आहेत, पण वाहन बदलणारा माणूस तिथे नकाशाच्या मध्यभागी होता.

चहावाले, फळवाले, पोह्यांच्या गाड्या यांनाही आराखड्यात जागा हवी. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांचा हक्क मान्य केलेला आहे. संगणकावर काढलेल्या चित्रांत मात्र हिरवळ असते आणि गाडा कधीच नसतो. पहाटे चारला नांदेडहून आलेल्याला हिरवळ नव्हे, चहा लागतो.

पैशाचं काय, हा सवाल रास्त आहे. वरचे मजले विकावेत, त्याला विरोध असण्याचं कारण नाही. मात्र तिथे मोटारींच्या जागेवर कमाल मर्यादा असावी आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा एसटीला मिळावा. घाईने बांधलेलं पुन्हा पाडण्याचा खर्च किती असतो, हे 2020 मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडताना पुण्याने पाहिलं आहे.

महामेट्रो आणि एसटी महामंडळाने खर्चाची वाटणी आणि पहिली एसटी शिवाजीनगरला परत लागण्याची तारीख, दोन्ही एकाच करारात लिहून जाहीर कराव्यात. ती गाडी लागेपर्यंत वरच्या एकाही गाळ्याच्या विक्रीला शासनाने परवानगी देऊ नये.