ॲप बंद पडलं तर चाळीतला आकडा कोण सांगणार?

मंडळी, कांदा चाळीत तापमानाचे सेन्सर लावावेत का, असं बरेच जण विचारतायत. लावा. पण विकणाऱ्याला आधी विचारा, "तुमचं ॲप बंद पडलं तर आकडा मी कसा वाचायचा?" तो चाचपडला तर पैसे खिशात राहू द्या.

आमच्या चाळीत आधी एका कंपनीचा संच होता. तारा शाबूत, सेन्सर शाबूत, पण कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि दोन हंगामांच्या नोंदी गेल्या. शिवाय ॲपात दिसायची ती नुसती सरासरी. आता हे बघा. डीएस१८बी२० नावाचा स्टीलच्या टोपीतला सेन्सर सगळीकडे मिळतो. त्याला वीज नीट पोचली नाही तर तो ८५ अंश दाखवतो. हा चालू होतानाचा ठरलेला आकडा आहे, मोजलेला नव्हे. चार सेन्सर ३१ म्हणतायत आणि पाचवा ८५, तर सरासरी जवळपास ४२! एवढ्यावर माणूस मजूर लावून ढीग उपसायला घेईल. आणि दोष निघेल तारेच्या सैल जोडात.

म्हणून मला प्रत्येक सेन्सरचा कच्चा आकडा हवा. या सेन्सरला कारखान्यातूनच स्वतःचा वेगळा नंबर मिळतो, एकाच तारेवर अनेक जोडता येतात. पुतण्यानं चाळीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला. त्यावर ओडब्ल्यूसर्व्हर चालतं, ते तारेवरचे आकडे घरच्या वायफायवर देतं. घरच्या संगणकावर ते मागून घ्यायला पायओनेट नावाची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाताशी राहणारा तयार कोड. सेन्सरशी बोलायचं काम तिचं, आलेख काढायचा की वहीत लिहायचं ते आपलं.

आता माझा खरा मुद्दा. असा कोड लिहिणारी हुशार पोरं आपल्याकडे कमी नाहीत. पण कोड लिहून नुसता टाकून देतात, तो नीट बांधून देत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवर वाण, लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख असते. टॅग नसलेली पिशवी आपण घेतो का? कोडच्या पॅकेजवरही नाव, आवृत्ती, परवाना आणि सोबत आणखी काय लागतं ते लिहिलेलं हवं. नाहीतर वर्षभरानं दुसऱ्या संगणकावर टाकायला गेलं की नेमकं काय राहिलं ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

आणि ते हलकं हवं. चार आकडे वाचायला वीस पॅकेजं उतरवा म्हणणारे आहेत. आमच्याकडे रेंज येते जाते, रास्पबेरी पाय झीरोत मेमरी ५१२ एमबी. पायओनेट निव्वळ पायथॉनमध्ये आहे, सोबत दुसरं काही मागत नाही. फाइल एकदा उतरवली की पेनड्राइव्हवरून नेऊन नेटशिवायही बसवता येते. मोफत आहे म्हणून नाही, या गुणासाठी मला ती आवडते.

कृषी संशोधकांनाही विनंती आहे. आमच्या चाळीत प्रयोग घेता, अहवाल लिहिता. जाताना आकडे वाचायचं पॅकेजही देऊन जा की! प्रयोग संपला, पण चाळ तर दरवर्षी भरायचीच आहे.

एक सावधगिरी घ्या. ओडब्ल्यूसर्व्हरला पासवर्ड नसतो, त्यामुळे ते ४३०४ क्रमांकाचं दार घरच्या वायफायपुरतंच ठेवा, बाहेर इंटरनेटवर उघडू नका. दुसरं असं, हा सेन्सर फक्त तापमान सांगतो. साठवणीत ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखायची तर ती मोजायला वेगळा सेन्सर लागेल, आणि सडका वास ओळखायला नाक आहेच.

चाळ भरण्याआधी कुठल्या नंबरचा सेन्सर कुठल्या खणात टाकला ते वहीत लिहा. एकदा कांदा पडला की कुठला कुठं गेला, काही दिसत नाही.